विश्लेषण : कुणाचे केस परत येतात, कुणाचे येत नाहीत? चाई आणि डोक्यावरच्या चट्ट्यांचे कोडे

छत्रपती संभाजीनगर : आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि दोन-तीन दिवसांत नुसता हात फिरवला तरी झुपका हातात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून ही बातमी आली आणि शेजारच्या मराठवाड्यातही धास्ती पसरली. बोंडगाव, कालवड, हिंगणा... गावांची यादी वाढत गेली. पाण्याचे नमुने गेले, त्वचेचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पथक गावात आले. काही आठवड्यांनी यातल्या अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवू लागले आणि बातमी मागे पडली.

मात्र डोक्यावरचा चट्टा वर्षानुवर्षे सोबत घेऊन जगणारे लोक कोणत्याच साथीत मोजले जात नाहीत. कुणाची चाई बरी होऊन पुन्हा परतते. कुणाचा भांग हळूहळू रुंद होतो आणि तिथली त्वचा चकचकीत होत जाते. तेल बदलते, शाम्पू बदलतो, डॉक्टर बदलतो. प्रश्न तोच राहतो : गेलेले केस परत येणार का? या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. त्यासाठी गळलेल्या केसांपेक्षा ते ज्या त्वचेतून उगवतात ती त्वचा तपासावी लागते. आणि काही आजारांत तपासायला उशीर झाला, तर 'हो'चे उत्तर 'नाही' होऊन बसते.

शेगावमध्ये नेमके काय घडले होते?

सुरुवातीला बुरशीजन्य संसर्ग, क्षारयुक्त पाणी, शाम्पू असे सगळेच संशयित होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वेगळा निष्कर्ष मांडला. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे, पद्मश्रीने गौरवलेले हे महाडचे डॉक्टर मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे. त्यांच्या म्हणण्यानुसार १८ गावांतील २७९ जणांच्या केसगळतीमागे रेशनच्या गव्हातून पोटात गेलेले जास्तीचे सेलेनियम होते. रुग्णांचे रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण खूप वाढलेले आणि जस्ताचे कमी झालेले त्यांना आढळले.

सेलेनियम हे शरीराला लागणारे खनिज आहे, पण अगदी थोडे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरते आणि ४०० मायक्रोग्रॅम ही वरची सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्यापुढे ते रोज पोटात जात राहिले तर केस आणि नखे यांवर पहिला परिणाम दिसतो. शेगावमध्ये पुढच्या काही महिन्यांत नखे ठिसूळ होऊन गळल्याच्या तक्रारीही आल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेगावच्या रुग्णांचे केस गेले, पण केस तयार करणारे मूळ शाबूत होते. केसाच्या बुडाशी पेशींचे विभाजन फार वेगाने चालते. शरीरात विषारी घटक वाढला की ते काम थांबते आणि केस तुटतो. तो घटक थांबला की काम पुन्हा सुरू होते. म्हणूनच केस परत आले.

दिवसाला किती केस गळणे नेहमीचे?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले दिवसाला ५० ते १०० गळणे नैसर्गिक आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. वाढीचा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

डेंग्यू, टायफॉइड, कोविडसारखा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांमुळे एकाच वेळी बरेच केस विश्रांतीच्या अवस्थेत ढकलले जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे गणपतीत आलेल्या तापाचा हिशेब दिवाळीनंतर कंगव्यात दिसतो आणि दोष नव्या शाम्पूवर जातो. ही गळती डोकेभर सारखी असते, चट्टे पडत नाहीत आणि बहुतेकांत काही महिन्यांत ती आपोआप थांबते. ती लांबली तर रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासायला सांगितले जाते.

काळजी करायची ती चट्ट्यांची. तिथे दोन वेगळे रस्ते फुटतात.

चाई म्हणजे काय?

डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत अचानक नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो, त्याला आपल्याकडे चाई म्हणतात. काही भागांत 'उंदरी लागली' असेही म्हणतात. आयुर्वेदात इंद्रलुप्त, तर आधुनिक वैद्यकात अलोपेशिया एरिएटा. रात्री उंदराने किंवा किड्याने केस खाल्ले, ही जुनी समजूत. प्रत्यक्षात हल्ला आतून होतो. शरीराची प्रतिकारशक्ती केसाच्या मुळालाच परका समजते आणि त्याच्यावर तुटून पडते.

सुमारे दोन टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी चाई पडते. मुलांपासून वृद्धांपर्यंत कुणालाही ती होऊ शकते, पण बहुतेकांत सुरुवात चाळिशीच्या आत होते. अनेकांचा एखादा चट्टा औषधाविना वर्षभरात भरून येतो. काहींचे चट्टे मात्र एकमेकांत मिसळून डोकेभर पसरतात, तर थोड्या जणांच्या भुवया, पापण्या आणि अंगावरचे केसही जातात. थायरॉइडचे विकार, कोड किंवा दमा-ॲलर्जी असलेल्यांत ती अधिक आढळते. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर ती आजार जास्त सक्रिय असल्याची खूण असू शकते.

चाई संसर्गजन्य नाही. एकाच्या कंगव्याने, टोपीने किंवा उशीने ती दुसऱ्याला होत नाही. नवीन केस अनेकदा आधी पांढरे उगवतात आणि मग काळे होतात. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही.

मग केस परत न येणारा आजार कोणता?

तो एक नसून आजारांचा गट आहे. वैद्यकीय भाषेत त्याला 'स्कारिंग अलोपेशिया' म्हणतात, म्हणजे व्रण मागे ठेवून जाणारी केसगळती. मराठवाड्यातल्या वाचकाला फरक बोअरवेलवरून चटकन कळेल. मोटार बंद पडली तर दुरुस्तीनंतर पाणी येते. बोअरच ढासळून बुजला, तर नवी मोटार बसवूनही उपयोग नसतो. चाईत मोटार बंद पडते. व्रण पाडणाऱ्या आजारात बोअर बुजतो.

शरीरात हे असे घडते. केस ज्या बारीक नळीतून उगवतो तिला केशकूप म्हणतात. त्याच्या तळाशी केस तयार होतो, तर थोड्या वरच्या भागात मूळ पेशींचा साठा असतो. चाईत हल्ला तळाशी होतो, वरचा साठा वाचतो. म्हणून कित्येक वर्षांनीही केस परत येऊ शकतात. व्रण पाडणाऱ्या आजारात दाह नेमका या साठ्याशीच होतो. साठा संपला की केशकूपाच्या जागी व्रणाची ऊती भरते आणि तिथले छिद्रच नाहीसे होते.

या गटातले महत्त्वाचे आजार असे :

• लायकेन प्लॅनोपिलारिस : मध्यमवयीन महिलांमध्ये अधिक. केसाच्या बुडाशी लालसर कडे, पापुद्रे, खाज, आग, डोक्याला स्पर्श केला तरी दुखणे.

• फ्रंटल फायब्रोसिंग अलोपेशिया : कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत जाते, भुवया विरळ होतात. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांत त्याचे पहिल्यांदा वर्णन केले. 'वयामुळे कपाळ मोठे झाले' म्हणून तो सोडून दिला जातो.

• डिस्कॉइड ल्युपस : डोक्यावर, कानाच्या पाळीवर, गालावर गडद काठांचे आणि मधे फिकट पडणारे चट्टे. ऊन लागले की वाढतात.

• फॉलिक्युलायटिस डेकॅल्व्हन्स : पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुवाच्या पुळ्या, आणि बाहुलीच्या डोक्यासारखे एकाच छिद्रातून निघणारे केसांचे गुच्छ.

याशिवाय वर्षानुवर्षे ताणून घातलेला अंबाडा किंवा घट्ट वेणी यांमुळे कानशिलावरचे केस जातात. सुरुवातीला सैल केस ठेवले की ते परत येतात, पण ओढ सुरूच राहिली तर तिथलेही मूळ कायमचे जाते.

फरक घरी ओळखता येतो का?

पक्का नाही, पण संशय घेता येतो. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चट्ट्याचा फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. त्वचेवर केसांची बारीक छिद्रे दिसत असतील आणि चट्टा गुळगुळीत, न दुखणारा असेल, तर चाईची शक्यता अधिक. त्वचा चकचकीत, छिद्रे नसलेली वाटत असेल, चट्ट्याच्या कडेच्या केसांच्या बुडाशी लाली किंवा खपली असेल, खाज-आग-दुखणे असेल, पू येत असेल, तर थांबू नका.

लहान मुलाच्या डोक्यात तुटके केस, काळे ठिपके आणि कोंड्यासारखे पापुद्रे दिसले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो मात्र पसरतो. नुसत्या मलमाने तो जात नाही, कारण मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. त्याला काही आठवडे पोटातून औषध लागते. दुखरी, पू भरलेली सूज आली आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर तिथेही कायमचा व्रण राहू शकतो.

व्रण पाडणारा आजार कधी कधी खाज-वेदनेविना, गुपचूपही पसरतो. त्यामुळे 'दुखत नाही म्हणजे साधेच असेल' हा निष्कर्ष धोक्याचा.

डॉक्टर बायोप्सी का सांगतात?

त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोप या दिव्याच्या भिंगातून चट्टा पाहतात. त्यात छिद्रे शिल्लक आहेत का, चाईतले बुडाशी निमुळते तुटके केस आहेत का, केसाभोवती पापुद्र्याचे नळकांडे आहे का, हे कळते. शंका उरली तर बायोप्सी.

बायोप्सी म्हटले की घरात कॅन्सरचा विचार येतो आणि तपासणी टळते. इथे तिचा संबंध कॅन्सरशी नसतो. जागा बधिर करून साधारण चार मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा घेतात आणि टाके घालतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तुकडा चट्ट्याच्या मधून न घेता कडेच्या, आजार चालू असलेल्या भागातून घेतला जातो. कारण मधे आग विझलेली असते, तिथे फक्त राख सापडते. कोणत्या पेशींनी हल्ला केला हे त्या तुकड्यातून कळते आणि औषध त्यावर ठरते. डिस्कॉइड ल्युपसचा संशय असेल तर रक्ताच्या काही तपासण्याही होतात.

उपचार किती उपयोगी?

चाईसाठी : थोडे चट्टे असतील तर त्यात स्टिरॉइडची बारीक इंजेक्शने साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. मुलांमध्ये लावण्याच्या औषधांनी सुरुवात होते. डोकेभर पसरलेल्या चाईसाठी अलीकडे 'जॅक इनहिबिटर' या गोळ्या आल्या आहेत. त्यातल्या बॅरिसिटिनिबला जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने गंभीर चाईसाठी मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेली पोटात घेण्याची ती पहिली गोळी. कोविडच्या काळात याच औषधाचे नाव अनेकांच्या कानावर आले होते.

आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. मान्यतेआधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज चार मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३६ आठवड्यांनी ३५ ते ३९ टक्के रुग्णांच्या डोक्यावर ८० टक्के किंवा त्याहून अधिक भागात केस आले. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण तीन ते सहा टक्के होते. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो सगळ्यांना होत नाही. गोळी थांबवल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते आणि नंतरही रक्त तपासत राहावे लागते. मित्राच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून खाण्याची ही गोळी नव्हे.

व्रण पाडणाऱ्या आजारांसाठी : इथे उपचाराचा हेतूच वेगळा असतो. गेलेला भाग परत मिळवण्यापेक्षा उरलेला वाचवणे हे काम. त्यासाठी तीव्र स्टिरॉइडचे लोशन, इंजेक्शने, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, डॉक्सिसायक्लिन, गरजेप्रमाणे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वापरली जातात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो.

बहुतेक रुग्ण नेमके इथेच उपचार सोडतात. सहा महिने औषध घेऊनही चट्ट्यात केस दिसत नाहीत, मग 'गुण येत नाही' म्हणून गोळ्या बंद होतात. खरे तर चट्टा होता तेवढाच राहिला, खाज आणि आग थांबली, कडेची लाली गेली, तर औषधाने आपले काम केलेले असते. हे पहिल्याच भेटीत समजून घेतले नाही, तर चालू असलेला उपचार रुग्ण स्वतःच्या हाताने मोडतो.

कांद्याचा रस, तेल, केस प्रत्यारोपण यांचे काय?

चाईवर कांदा चोळण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. त्यावर बगदादमधील डॉक्टरांनी २००२ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अनेकांना केस आल्याचे त्यात नोंदवले होते. मात्र रुग्ण मोजके होते आणि चाई अनेकांत आपोआपही भरते, त्यामुळे त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. गुळगुळीत चाईवर कांदा लावल्याने फार तर जळजळ होईल. पण आधीच दाह असलेल्या त्वचेवर कांदा, लसूण किंवा गुंजेचा लेप घासणे म्हणजे आगीत तेल ओतणे. तेलाने केस मऊ होतात, बुजलेले छिद्र उघडत नाही.

जास्त नुकसान करते ते मेडिकल दुकानातून विचारून आणलेले 'सगळ्यावर चालणारे' मलम. त्यात स्टिरॉइड आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असते. खाज दोन दिवसांत थांबते, चित्र बिघडते, आणि डॉक्टरांपुढे रुग्ण पोहोचतो तेव्हा मूळ आजार ओळखणे अवघड झालेले असते.

केस प्रत्यारोपणाच्या जाहिराती शहरात जागोजागी दिसतात. वंशपरंपरेने येणाऱ्या टकलासाठी तो एक पर्याय आहे. व्रण पाडणारा आजार चालू असताना मात्र लावलेले केसही तोच आजार खातो. असे प्रत्यारोपण करायचेच असेल तर आजार किमान एक-दोन वर्षे पूर्ण शांत असावा लागतो, आणि त्यानंतरही यशाची हमी नसते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : 'माझ्या केसगळतीचे निदान काय, आणि ते कशावरून केले?'

लपवायचे की सांगायचे?

औषधाइतकाच अवघड भाग इथे सुरू होतो. उन्हाळ्यात दुचाकीवरच्या मुलींनी डोके-चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळणे हे संभाजीनगरच्या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य. त्यामुळे रस्त्यावर चट्टा झाकला जातो. अडचण होते ती ऑफिसच्या, कॉलेजच्या किंवा नातेवाइकांच्या दारात स्कार्फ सोडायची वेळ आली की. मग हळदी-कुंकू टळते, लग्नातले फोटो टळतात, 'बघायला' येणाऱ्यांची तारीख पुढे जाते. शेगावमध्येही केस गेलेल्या तरुणींची लग्ने हा गावाच्या काळजीचा विषय झाला होता.

बाईच्या डोक्यावर केस नसणे आपल्याकडे नुसते दिसण्यापुरते कधीच नव्हते. विधवांच्या केशवपनाची प्रथा इथलीच. तिच्याविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक एकत्र आले आणि हे काम करणार नाही असे त्यांनी ठरवले. प्रथा गेली, पण केस नसलेल्या बाईकडे पाहणारी नजर पूर्ण गेलेली नाही. पुरुषांची सुटका होते असेही नाही. त्यांच्या दाढीतल्या चाईवर विनोद होतात आणि हसण्यात त्यांनाही सामील व्हावे लागते.

पुण्यात बालभारतीच्या गुजराती विभागात काम करणाऱ्या केतकी जानी यांची गोष्ट या ठिकाणी आठवावी अशी आहे. चाळिशीच्या सुमारास त्यांना अलोपेशिया झाला आणि डोक्यावरचे सगळे केस गेले. स्टिरॉइडचे उपचार, त्यांचे दुष्परिणाम आणि नैराश्य या सगळ्यातून गेल्यावर त्यांनी विग न वापरण्याचा निर्णय घेतला, डोक्यावर टॅटू काढून घेतला आणि त्याच रूपात 'मिसेस इंडिया वर्ल्डवाइड' स्पर्धेच्या मंचावर त्या उतरल्या.

प्रत्येकाने तसेच करावे असे नाही. विग लावणे म्हणजे भित्रेपणा नाही आणि न लावणे म्हणजे क्रांती नाही. ज्याने घराबाहेर पडणे सोपे होईल ते करावे. मात्र काही काळजी हवी. दाह चालू असलेल्या त्वचेवर गोंद किंवा टेपने विग चिकटवू नये. क्लिपचा विग रोज एकाच जागी ओढला जाणार नाही हे पाहावे आणि रात्री तो काढून ठेवावा. हेल्मेटच्या आत धुतलेला सुती रुमाल बांधावा. एप्रिल-मेच्या उन्हात उघडा चट्टा भाजतो. डिस्कॉइड ल्युपस असेल तर ऊन हे आजार वाढण्याचे कारणच आहे, म्हणून टोपी किंवा ओढणी हवीच.

घरच्यांसाठीही काही आहे. 'टेन्शन घेऊ नको, त्यानेच केस गळतात' हे वाक्य धीर देण्यासाठी बोलले जाते, पण ऐकणाऱ्याला दोष आपलाच असल्यासारखे वाटते. चाई असो की व्रण पाडणारा आजार, तो रुग्णाने ओढवून घेतलेला नसतो. मूल शाळेत जात असेल तर वर्गशिक्षकांना आधीच भेटून हे पसरणारे नाही, टोपी घालू द्या, एवढे सांगितले तरी त्याचा दिवस हलका होतो. आणि झोप उडाली असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

कुठे जायचे, काय न्यायचे?

शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजेच घाटीत, त्वचारोग विभाग आहे. जालना, बीड, परभणीपासूनचे रुग्ण घाटीत येतात. खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ते त्वचारोगातील पदवी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर आहेत का, हे पाहून घ्यावे. पाटीवर 'हेअर क्लिनिक' असले म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ असतोच असे नाही.

जाताना सोबत ठेवा :

• आतापर्यंत लावलेल्या आणि खाल्लेल्या सगळ्या औषधांची पाकिटे. घरगुती आणि आयुर्वेदिकही. रिकामी ट्यूब फेकू नका.

• गेल्या सहा महिन्यांतील ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, वजनातील घट यांच्या तारखा.

• जुने रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः थायरॉइड आणि हिमोग्लोबिन.

• कुटुंबात कुणाला चाई, कोड, थायरॉइड किंवा ल्युपस असल्यास त्याची माहिती.

• चट्ट्याचे तारीखवार फोटो.

डोके धुऊन, तेल न लावता जा. तेलाखाली लाली आणि पापुद्रे दिसत नाहीत. केस रंगवले असतील किंवा चट्ट्यावर काळी पावडर लावली असेल, तर तीही त्या दिवशी नको.

यातली शेवटची नोंद आजच सुरू करता येईल. आरशात डोक्याचा मागचा भाग दिसत नाही, आणि रोज पाहणाऱ्या घरच्यांनाही हळूहळू झालेला बदल कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, तेवढ्याच अंतरावरून घरातल्या कुणाला तरी एक फोटो काढायला सांगा. शेजारी एक रुपयाचे नाणे धरले की मापही कळते. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवल्यावर चट्टा वाढलेला दिसला, किंवा त्याच्या कडा लाल दिसल्या, तर तिसऱ्या फोटोची वाट पाहू नका.